पेटी तिची, माल माझा

शिरवण्याच्या बायजाआजीने झाडपाल्याचं औषध देऊन माझ्या दादाला फसवलं आणि त्याचा जीव घेतला, असं मी गेली दहा वर्षं सांगत आलोय. बाजारात सांगितलं, लग्नांत सांगितलं, दादाच्या प्रत्येक वर्षश्राद्धाला सांगितलं. आता सरळ लिहितो. तिने कोणालाही फसवलं नाही. फसवलं मी. दादाला, वहिनीला आणि त्या म्हातारीला.

हे आजवर कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून हात चालतोय बहुतेक.

मी वाशीच्या फळबाजारात दलाली करतो. साताऱ्याकडून आलो तेव्हा दादा आणि मी दोघंही डोक्यावर पेट्या वाहायचो. दादा शेवटपर्यंत हमालच राहिला. मी गाळ्यात बसलो. कसा बसलो? भाव करून. समोरच्याने दहा म्हटलं की पाच धरायचं, हे मी कोणाकडून शिकलो नाही, ते माझ्या अंगातच होतं. रागही अंगातच होता. बाजारात माझ्याशी वाद घालायला लोक दोनदा विचार करतात. याचा मला अभिमान होता — होता म्हणतो, पण खरं सांगू? अजून थोडा आहे.

दादाचे पाय सुजायला लागले. मग पोट सुटलं. हातपाय काटकुळे आणि पोट माठासारखं. टोळीतले हमाल चेष्टा करायचे, "काय दादा, कितवा महिना?" दादा पोटावर हात फिरवत म्हणायचा, "नववा. पोरगं झालं की तुझंच नाव ठेवतो. तुझ्यासारखंच आहे, नुसतं पडून असतं." सगळे हसायचे. मीही हसायचो.

वाशीच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर सिरॉसिस. हा शब्द ऐकला आणि मी दादाला सगळ्यांसमोर काय म्हणालो माहीत आहे? "कधीपासून लपून पितोस रे?" दादा, ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही. पिणारा मी होतो. रोजचा. दादा शर्टाची बटणं लावत राहिला. बटणं लागत नव्हती, पोटामुळे. तसाच बाहेर जाऊन बाकावर बसला.

डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी मला दटावलं. म्हणाल्या, दारूनेच होतं असं नाही. काविळीच्या काही विषाणूंनी होतं, शुगर आणि लिव्हरवरच्या चरबीनेही होतं, वर्षानुवर्षं आत चालू असतं आणि बाहेर पत्ता लागत नाही. मऊ मांस जातं, त्या जागी कडक वण येतात. मला लगेच कळलं. मोसंबी असते ना, वरून पिवळीधमक, हातात घेतली तर हलकी लागते, कापली तर आत फोडी सुकलेल्या? तसं. एकदा सुकलेली फोड पुन्हा रसाने भरत नाही. हे मला कळलं होतं. लक्षात ठेवा, मला त्याच दिवशी कळलं होतं.

मग त्यांनी सांगितलं की रक्ताला त्या कडक लिव्हरमधून वाट मिळत नाही, म्हणून ते मागे तुंबतं. पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. फुगलेली शीर कधीही फुटू शकते. तीन गोष्टी करा म्हणाल्या. पहिली, गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ जवळजवळ बंद आणि कसलाही काढा, चूर्ण, पाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. गुळवेलीसारखी घराघरात पितात ती वस्तूही काहींच्या लिव्हरला सुजवते. दुसरी, दुर्बीण घालून त्या फुगलेल्या शिरा बांधून घ्यायच्या, पुढच्याच आठवड्यात.

तिसरी नंतर सांगतो. आत्ता नाही जमत.

मी काय केलं? भाव केला. "मॅडम, सैंधव चालेल ना? ते उपासाचं असतं." त्या म्हणाल्या, मीठ ते मीठ, उपासाचं असो नाहीतर लग्नाचं. "दुर्बीण महिनाभराने केली तर?" नको. "गोळ्या एक दिवसाआड?" नाही. त्या एक पैसा खाली येईनात. आणि मी बाहेर पडताना मनात हिशेब केला — बाईंनी दहा सांगितलंय, म्हणजे पाच असणार. आजाराला कोणी चढा भाव लावत नसतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. की शिरलं होतं आणि मी बाहेर काढलं?

जुईनगरजवळच्या शिरवण्यात बायजाआजी काविळीचं औषध द्यायची. मूळची गावातली, घरामागच्या परसात भुईआवळा वाढलेला. सकाळी उपाशीपोटी यायचं, ती पाला वाटून दुधातून द्यायची. पैसे घेत नसे. नारळ ठेवला तर ठेवला. महेशला, दादाच्या मुलाला, लहानपणी कावीळ झाली तेव्हा तिच्याकडे नेलं होतं आणि तो बरा झाला होता. तशी कावीळ पुष्कळांची आपोआपही बरी होते, हे मला पुढे कळलं. पण दादाचा तिच्यावर विश्वास बसला तो बसला. डॉक्टरकडून आल्यावर तोच म्हणाला, "एकदा आजीला दाखवू या."

मी त्याला रिक्षाने नेलं. आजीने त्याचे डोळे खाली ओढून पाहिले, पोटावर दोन बोटं दाबली आणि त्याला ओट्यावर चहा द्यायला लावून मला मागे परसात बोलावलं.

"पोरा, ही कावील नाय," ती म्हणाली. "याचे पोटान पानी हाय. माजे पाल्याचं काम नाय यो. डागतरकडं ने याला, आजच ने."

मी म्हणालो, "आजी, काय पाहिजे ते माग."

"माजी आय सांगून गेली, पाल्याचा मोल घेतला का पाला मेला. आन तू मोल करतंस?" ती हसली. "जा. नारल पन घेऊन जा."

तिच्याशी भाव करायला भावच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला रिकाम्या हाताने परत पाठवत होतं. माझं डोकं फिरलं. मी तिला काहीतरी बोललो, आठवत नाही असं म्हणणार होतो, पण आठवतं. "भोंदू म्हातारी" म्हणालो. आणि तिथल्या तिथे, तिच्याच परसात उभा राहून ठरवलं.

ओट्यावर आलो आणि दादाला म्हणालो, "आजी म्हणते बरं होईल. औषध बनवून ठेवते, मी रोज आणून देईन."

आमच्या बाजारात एक लबाडी चालते. कोकणातल्या हापूसची रिकामी पेटी घ्यायची, वर बागेचं नाव तसंच ठेवायचं आणि आत दुसरीकडचा आंबा भरायचा. गिऱ्हाईक नाव वाचतं आणि वासही न घेता उचलतं. असं करणाऱ्या एकाच्या मी भर बाजारात कानाखाली मारली होती. तीच लबाडी मी माझ्या सख्ख्या भावाशी केली. वाशीच्या दुकानातून भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा, गुळवेल — जे जे कोणी लिव्हरला चांगलं म्हणून सांगितलं त्याची चूर्णं आणली, गाळ्यात उकळली, बाटलीत भरली आणि जुईनगरला दादाच्या घरी नेऊन दिली. "आजीने दिलंय." पेटी तिची, माल माझा.

त्या वनस्पतींना दोष देत नाही. त्यांच्यात काय गुण आहेत ते जाणकार सांगतील. मी जाणकार नव्हतो, मोसंबीचा दलाल होतो. किती घालायचं, काय कशाबरोबर, कोणत्या लिव्हरला झेपेल — काही माहीत नव्हतं. गुळवेल नको म्हणून डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं होतं. तरी घातली.

आणि पहिल्या दोन आठवड्यांत पोट उतरलं. लघवी मोकळी झाली, पाय बारीक झाले. दादा खूश. वहिनी शेजारणींना सांगायला लागली. ते हॉस्पिटलच्या पाण्याच्या गोळ्यांनी उतरलं होतं, काढ्याने नाही, हे मला माहीत होतं का? गोळीच्या पाकिटावर डॉक्टर बाईंनी पेनने लिहून दिलं होतं — सूज उतरण्यासाठी. मराठीत. मी ते वाचलं होतं. तरी दादाला म्हणालो, "बघितलंस? पाल्याने उतरलं. आता त्या गोळ्या बंद कर, उगाच गरम पडतात." त्याने बंद केल्या. दुर्बिणीची तारीख टळली. पुढची टळली. हॉस्पिटलातून फोन आला तो मीच घेतला, "पेशंट गावी गेलाय."

पाच महिन्यांनी, सकाळी साडेसातला, चहाचा कप हातात असताना दादाला रक्ताची उलटी झाली. वहिनीने तांब्या पुढे केला, तो भरला. रिक्षात भरलं त्याला. स्टेशनपुढच्या सिग्नललाच संपलं सगळं.

दिवसकार्याला नातेवाईक जमले होते. साताऱ्याच्या मामांनी विचारलं, "औषध कोणाचं चालू होतं?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "शिरवण्याच्या म्हातारीचं."

म्हणालो, आणि मग त्या वाक्याने मला पुढे ढकलत नेलं. हो, असंच वाटलं — पण वाक्य ढकलत नसतं, माणूस चालत असतो. मी टोळीतले दहा-बारा हमाल घेतले, दादाबरोबर काम केलेले, रडणारे, आणि आजीच्या दारात जाऊन उभा राहिलो. "बाहेर ये! जाब दे! माझ्या भावाचा जाब दे!" अख्खी गल्ली गोळा झाली. मी तिचा खलबत्ता उचलला आणि गटारात फेकला. दगडी होता. पडल्याचा आवाज अजून येतो.

ती दारात आली. तिला सगळं ठाऊक होतं. तिने मला परत पाठवलं होतं, नारळासकट. ती एवढंच म्हणाली, "मी दवा नाय दिली." कोणी ऐकून घेतलं नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "तुजा भाव गेला. वरड पोरा. वरड."

आणि दाराच्या चौकटीला धरून तिथेच उभी राहिली, माझं ओरडून होईपर्यंत.

त्यानंतर तिच्याकडे कोणी आलं नाही. तिच्या मुलांनी परसात लादी टाकून घेतली. वहिनी अजूनही त्या गल्लीवरून जाताना तोंड फिरवते.

आता तिसरी गोष्ट.

डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, शिरा बांधल्या, गोळ्या घेतल्या तर वेळ मिळेल, पण शेवटी लिव्हर बदलावं लागेल. घरातल्या निरोगी माणसाने आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर चालतं, देणाऱ्याचा राहिलेला भाग पुन्हा वाढतो. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. महेश शाळेत. माझा गट दादाचाच. "तुम्ही पिता का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "मग आजपासून बंद करा आणि सोमवारी तपासणीला या. जमेलच असं नाही, पण बघू तरी."

बघू तरी. एवढंच. कोणी मला कापायला टेबलावर झोपवत नव्हतं. नुसतं रक्त द्यायचं होतं, एक स्कॅन. मी म्हणालो, "येतो की मॅडम. माझा भाऊ आहे." आणि तेव्हाच मला ठाऊक होतं की मी जाणार नाही. मला माझं पोट कापलेलं दिसत होतं. गाळा बंद दिसत होता. आणि संध्याकाळचा ग्लास — हो, तोसुद्धा. म्हणून मला पाला हवा होता. पाल्याने दादा बरा झाला असता तर माझ्याकडे कोणी काही मागितलं नसतं. माझा झाडपाल्यावर विश्वास होता असं लोकांना वाटतं. माझा विश्वास नव्हता. मला त्याची गरज होती.

दादा बाहेर बाकावर बसला होता. आमच्या बाजारात पूर्वीपासून भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. तोंडाने शिव्या द्या, देवाच्या शपथा घ्या, सगळं चालतं. रुमालाखालचं बोट मात्र खोटं बोलत नाही. खोटं बोललं तर त्या माणसाचा हात परत कोणी धरत नाही.

मी बाजूला बसलो. दादाने खांद्यावरचा पंचा काढला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि खाली माझा हात धरला. त्याची बोटं गार होती. त्याने माझं एक बोट दाबलं. मग दोन. मग थांबला. किती वर्षं, विचारत होता.

मी त्याचा अख्खा पंजा धरला. सोडला. पुन्हा धरला. दहा.

"तसं असेल तर महेशचं सगळं उरकेल," तो म्हणाला आणि पंचा खांद्यावर टाकला. "तू आहेस म्हणून निभतं रे."

त्याने ते दहा खरे मानले, ते माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही, रुमालावर होता म्हणून.

मला अजून डॉक्टर बाईंचा राग येतो, खोटं कशाला बोलू. तिने माझी कॉलर का धरली नाही? फोनवर "गावी गेलाय" ऐकून गप्प का बसली? दादाचाही राग येतो. माझ्यासारख्या माणसावर कशाला विसंबला? बघा, लिहिता लिहितासुद्धा मी भाव कमी करून घ्यायला बघतोय.

आज हे का लिहितोय, तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझेच पाय सुजले. तोच शब्द. माझ्या बाबतीत दारूच. त्या दिवसापासून थेंब नाही, मीठ नाही, सैंधवही नाही. शिरा दोनदा बांधून झाल्या. गोळ्या घड्याळाकडे बघून घेतो. रोज सकाळी जुईनगर स्टेशनला वळसा घालून चालून येतो. कोणी पाला सुचवला तर डॉक्टरला विचारतो आणि ते नाही म्हणाले तर नाही. एकदाही घासाघीस केली नाही. दादाला ज्या गोष्टी मी मिळू दिल्या नाहीत, त्यांच्यावर मी जगतोय. पण आता तेवढ्याने भागणार नाही म्हणतात. बदलावं लागेल. बायकोचा गट जुळत नाही, मुलगी बाळंतीण आहे.

महेश न सांगता जाऊन तपासून आला. "काका, जुळतंय. मी देतो." पंचवीस वर्षांचा आहे. वहिनीने त्याला अडवलं नाही. म्हणाली, "भावजी, तुम्ही यांच्यासाठी किती धावलात, मी विसरले नाही."

देणारा पुतण्या असल्यामुळे अवयवदानाच्या समितीची परवानगी लागते. तिथे देणाऱ्याला विचारतात, का देताय? कोणाचा दबाव आहे का? महेशने उत्तर पाठ करून ठेवलंय. परवा माझ्यासमोर म्हणूनही दाखवलं, "माझ्या वडिलांसाठी काकांनी होतं नव्हतं ते सगळं केलं." मग हसला, "बरोबर बोललो ना?"

मी मान हलवली. परवा. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा मी आणि परवाचा मी, यांत काही फरक नाही.

पुढच्या मंगळवारी त्याला बोलावलंय. त्याच्या आत, रविवारी सकाळी दहा वाजता, मी शिरवण्याच्या त्याच गल्लीत उभा राहणार आहे. बायजाआजी आहे अजून. डोळे गेलेत, पण ओट्यावर बसते. वहिनीला आणि महेशला यायला सांगितलंय, कशाला ते सांगितलेलं नाही. टोळीतल्या त्या दहा-बारांपैकी जेवढे मुंबईत आहेत, तेवढ्यांना फोन केलेत. त्या दिवशी त्यांनी जे कानांनी ऐकलं, ते त्यांच्याच समोर परत घ्यायचं आहे. आजीने काही बोलावं असं नाही. वहिनीने काही बोलावं असं नाही. महेशकडे माझं काही मागणं नाही. समितीला मी आधीच कळवलंय, त्याचं लिव्हर मी घेणार नाही.

त्या दिवशी माझ्यामागे उभे राहून जे जे ओरडले होते, त्या सगळ्यांनी या. तसेच ओरडा, त्याच आवाजात — जाब दे. त्या दारात या वेळी मी असेन. माझा हात धरून विचारा.

रुमाल टाकू नका.